सगळेच चांगले

त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही, पण तिच्यावर मी अजून जळतो.

लोकसभेच्या निकालानंतर मुखेडकडच्या एका खेड्यात आम्ही दोघं वेगवेगळ्या कंपन्यांचे सर्व्हे करत होतो. मत कुणाला दिलं विचारलं की मला दारोदार एकच उत्तर, "सगळेच चांगले हाईत, साहेब."

ती मात्र ओट्यावर टेकायची, पेरणीच्या शेंगा फोडू लागायची. बायका नवऱ्यालाही न सांगितलेलं तिला सांगायच्या.

एकदा मीही शेंगा फोडायला बसलो. म्हातारीनं सूपच ओढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या, बी फुटायलंय."

शेवटच्या दिवशी एस्टीची वाट बघताना मी त्या बाईलाच विचारलं, "तुम्ही कुणाला दिलं?"

पदर सावरत ती गोड हसली. "सगळेच चांगले हाईत, साहेब."