बघून घेतलेली बंदूक

मला एक सांगा, वस्तू घ्यायची तर प्रदर्शनात जाऊन घ्यावी, की पेपरातली जाहिरात बघून पोस्टानं मागवावी?

लगेच उत्तर देऊ नका, आधी चहा घ्या. या प्रश्नावर मी आमच्या घरात सगळ्यांशी भांडले आहे आणि शेवटी अशी तोंडावर आपटले आहे, की अजून पलूसच्या बाजारात कुणी मला 'काय वैनी, वाजली का?' असं विचारलं की मी भाजीच्या ढिगाआड होते. माझी फजिती मीच सांगते. दुसऱ्यानं सांगितली तर तो तिखटमीठ लावील, आणि ते लावायला इथं जागाच उरलेली नाही.

खरेदीतलं मला कळतं, हे आमच्या वस्तीवर सगळ्यांना मान्य होतं. 'होतं' म्हणाले, लक्षात घ्या. कुणाला कुकर घ्यायचा असो, मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायची असोत, बायका मला पुढं घालून न्यायच्या. माझा नियम एकच, वस्तू हातात घ्यावी, वाजवून बघावी, उलटी करून बघावी आणि मग भाव सांगेल त्याच्या निम्म्यावरून सुरुवात करावी. पोस्टात यातलं काय करता येतं? पेपरातल्या चित्राला काय वाजवून बघणार?

आणि व्ही.पी.च्या गोष्टी तुम्हीही ऐकल्याच असतील. पार्सल येतं, पोस्टमनच्या हातावर आधी पैसे ठेवायचे आणि मग ते उघडायचं. कडेगावच्या माझ्या चुलत नणंदेनं रेडिओ मागवला, तर आत दोन विटा निघाल्या. त्याही चांगल्या भाजलेल्या नव्हत्या.

तर त्या वर्षी आमच्या द्राक्षबागेचं पहिलं पीक होतं. तीन वर्षं लेकरासारखी वाढवलेली बाग. मण्यांत साखर भरली आणि पाखरांना पत्ता लागला. साळुंक्या, बुलबुल, पोपट उजाडायच्या आत हजर. एक घड पुरता खातील तर शपथ, प्रत्येक घडातला एकेक मणी फोडायचा आणि पुढं जायचं. पंधरा दिवसांत व्यापारी बाग बघायला येणार होता, आणि फुटका मणी दिसला की तो तोंड फिरवतो. आम्ही डबे वाजवले, गोफण फिरवली, बुजगावणं उभं केलं. बुजगावण्याच्या डोक्यावर बसून एक साळुंकी चोच पुसत होती, हे मी या डोळ्यांनी बघितलं आहे.

माझे धाकटे दीर म्हणजे आमचे सुभेदार भावजी. फौजेतून निवृत्त होऊन घरी आले तरी चालणं-बोलणं परेडचंच. त्यांनी उपाय काढला होता. पेपरात पाखरं उडवायच्या बंदुकीची जाहिरात आली होती. गोळी नाही, छर्रा नाही, लायसन नाही. लोखंडी नळी, तिच्यात कार्बाईडचा खडा आणि जरासं पाणी, की नुसता धडाम आवाज. पाखरू मरत नाही, पण परत यायचं नाव काढत नाही. मला ते आवडलं. जीव घ्यायचा नाही, नुसतं दटावायचं.

"मी पोस्टानं मागवलीया," भावजी म्हणाले. जाहिरातीचं कात्रण त्यांनी डायरीत चिकटवून ठेवलं होतं.

"विटा येतील," मी म्हणाले.

"वैनी, नामी कंपनी हाय. फोटू बघा की."

"फोटो विटांचा कोण छापील? सांगलीत शेतीचं प्रदर्शन लागलंय. तिथं जाऊन बघून घेऊ."

"परदर्शनात गळ्यात मारत्यात. सगळा दिखावा."

"मग पैज लावा."

पैज लागली. ज्याची बंदूक चांगली ठरेल त्याचं घरात पुढं वर्षभर खरेदीच्या बाबतीत ऐकायचं. आमचे हे ओसरीवर तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "दोघं मिळून बागेत जाऊन भांडा. पाखरं बिना बंदुकीची जातील."

मग भावजी पेन्शनच्या कामाला पाच-सहा दिवस साताऱ्याला गेले, आणि नेमकं त्याच दिवशी पोस्टमन बाबूराव पार्सल घेऊन दारात आले.

"सुभेदारांचं व्ही.पी. हाय, वैनी. सोडवून घेताय न्हवं?"

मी पार्सल उचललं. जड. हलवलं. आत खडखड वाजलं. कडेगावच्या नणंदेचा रेडिओ माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

"परत पाठवा."

"आवं, पण सुभेदारांना..."

"त्यांचंच नुकसान वाचवतेय. लिहा, नको म्हणून."

बाबूराव पार्सल सायकलला बांधून गेले. हे म्हणाले, "अगं, त्याला विचारायचं तरी." मी म्हणाले, "ते आभार मानतील." बघा, काय आत्मविश्वास होता.

प्रदर्शनाला मी मुद्दाम शेवटच्या दिवशी गेले. हे माझं गुपित, कुणाला सांगू नका. शेवटच्या दिवशी दुकानदाराला सामान परत न्यायचा कंटाळा आलेला असतो. तिथं फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या, गांडुळाचं खत आणि कोपऱ्यात बंदुकीचा स्टॉल. एक सद्‌गृहस्थ खोकी बांधत होते. मी म्हटलं, आधी वाजवून दाखवा. त्यांनी बंदूक धरली आणि असा बार काढला, की शेजारच्या स्टॉलवरच्या दुधाच्या मशीनचं झाकण पडलं. मैदानातली सगळी कबुतरं उडाली. माल खणखणीत. मी प्रसन्न झाले.

त्यांनी भाव सांगितला. मी निम्मा सांगितला.

"बाई, एवढ्यात परवडत नाही. पोस्टानं जास्त पडते, इथं तुम्हाला आधीच कमी लावलीय."

"खोकं नको मला. खोक्याचे कमी करा."

त्यांनी खोकं बाजूला ठेवलं. आत माहितीचा कागद होता, तोही खोक्याबरोबर गेला. मला कशाला कागद? मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"खड्यांची पुडी?"

"आमच्याकडं वेल्डिंगवाल्याकडं मिळतात. काढा."

पुडी गेली. मग त्यांनी एक छोटं, हाताएवढं लायटर पुढं केलं. आपलं गॅस पेटवायचं असतं ना, तसंच. मी लगेच ओळखलं. प्रदर्शनात कुठलीही वस्तू घ्या, तिच्यावर काहीतरी भेट देतात. मिक्सरवर चमचे, कुकरवर गाळणी. ही बंदुकीवरची भेट.

"हे नको. आमच्याकडं चूल आणि स्टो. काडीपेटी लागते आम्हाला. याचे किती कमी होतील?"

"अहो बाई, हे लागतं."

"तुम्ही सगळे असंच म्हणता."

"बाई, आता नुसती नळी राहिली."

"मग नळीचंच सांगा."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बाहेर उभ्या ट्रककडं, आणि हात जोडून मी म्हटलेल्या भावात दिली. मी विजयी मुद्रेनं नळी जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि एस.टी. स्टँडवर आले.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ते लांबडं काय हाय? कुणाला लागंल."

"बंदूक आहे," मी खरं ते सांगितलं.

पलूसपर्यंत मी ऐसपैस बसून आले. शेजारचा माणूस तर तिकीट काढून पुढच्याच स्टॉपला उतरला.

आता खरी गंमत. संध्याकाळी मी अख्खी वस्ती बागेच्या बांधावर गोळा केली. ह्यांना म्हटलं, सगळ्यांना बोलवा, बघू द्या प्रदर्शनातला माल. म्हातारी काशीआत्या काठी टेकत आली. बाबूराव टपाल वाटून परत जात होते, तेही सायकल टेकवून उभे राहिले. आणि तेवढ्यात साताऱ्याच्या गाडीनं उतरून भावजी हातात बॅग घेऊन थेट बांधावर.

"माझं पार्सल आलं का?"

"आलं होतं. मी परत पाठवलं. विटा होत्या."

"उघडून बघितलं?"

"हलवून बघितलं."

भावजींनी बॅग खाली ठेवली. फौजेतला माणूस, बायकामाणसांसमोर शिस्तीत. फक्त मिशी दोन वेळा वर-खाली झाली.

"बघा आता तुम्ही," मी म्हणाले. नळीत वेल्डिंगवाल्याकडून आणलेला खडा टाकला, पाणी टाकलं, झाकण लावलं आणि नळी आभाळाकडं धरली. "कानात बोटं घाला."

सगळ्यांनी घातली. आम्ही उभे राहिलो. लसणासारखा वास सुटला. आम्ही उभेच. बांधावरच्या बाभळीत साळुंक्या बसल्या होत्या, त्याही उभ्याच. बऱ्याच वेळानं काशीआत्यानं कानातलं एक बोट काढलं.

"वाजली का गं? मला आयकू आलं न्हाई."

"वाजेल. पहिल्यांदा वेळ लागतो," मी म्हणाले. हा शोध मी जागच्या जागी लावला.

भावजी जवळ आले. नळी माझ्या हातातून घेतली, झाकण उघडून वास जाऊ दिला आणि ती मागून-पुढून फिरवून बघितली. मागच्या बाजूला आटे पाडलेलं, काहीतरी फिरवून बसवायचं एक भोक होतं. रिकामं.

"वैनी, हिला कळ कुठाय?"

"कळ नाही. आपोआप वाजते."

"तुमच्या म्होरं वाजवली त्यानं?"

"माझ्यासमोर. बघूनच घेतली आहे मी."

"मग त्यानं कशी वाजवली ते सांगा. खडा टाकला, पाणी टाकलं, झाकण लावलं. फुडं?"

"पुढं धडाम झालं."

"आन मधी काय केलं?"

मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं. झाकण लावलेलं आठवत होतं, कबुतरं उडालेली आठवत होती. मधलं काहीच आठवेना. आणि मग मला कळलं, का आठवत नाही ते.

"वैनी?"

"मी डोळे मिटले होते," मी म्हणाले. "मोठा आवाज होणार म्हणून."

भावजींनी खिशातून डायरी काढली, कात्रणाचं पान उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. हीच बंदूक. हीच कंपनी. स्टॉलवरच्या कापडी पाटीवर होतं तेच नाव. आणि चित्रात नळीच्या मागं, त्या भोकात, बसवलेलं होतं लायटर.

"हे काय हाय?" भावजींनी त्यावर बोट ठेवलं.

"ती तर भेट होती," मी म्हणाले. "त्याचे मी कमी करून घेतले."

आधी हे हसले. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण हा माणूस एवढा मोठ्यानं हसू शकतो हे मला तेव्हा कळलं. मग सगळी वस्ती हसली. काशीआत्याला काय झालं ते कळलं नाही, पण ती सगळ्यांत जास्त हसली.

भावजी हसले नाहीत. म्हणाले, "फौजेत माझी हयात गेली, वैनी. बघून घेणारे लय बघितले. डोळं मिटून बघून घेणारं तुमीच पयलं."

कुणीतरी म्हणालं, गावातून कुणाच्या तरी घरचं गॅसचं लायटर आणा. भावजींनी साफ नाही म्हटलं. सैल बसतं, ठिणगी पडली की खड्याचा गॅस बाहेरच पेटतो, आणि काडीपेटीचं तर नावच काढू नका, भुवया जातील. आणि नवीन मागवायची तर पंधरा दिवस.

तेव्हा मात्र मी बागेकडं बघितलं. हसणं वेगळं. बाग समोर होती, घड दिसत होते, आणि व्यापारी परवावर आला होता. वाजणारी बंदूक दारात आली होती, ती मी परत पाठवली होती. आणि न वाजणारी घासाघीस करून आणली होती. पैजेचं मला काही वाटत नव्हतं. तीन वर्षांची बाग माझ्या शहाणपणानं साळुंक्यांना वाढली होती.

"भावजी, चुकलं माझं," मी म्हणाले.

बाबूराव सायकलशी खाकरले. "वैनी, एक सांगू का? पार्सल गेलं न्हाई."

"काय?"

"ज्याच्या नावाचं हाय त्यानंच नको म्हणायला पायजे. तुमच्या म्हणण्यावर परत धाडलं असतं तर मास्तरांनी माझी चंपी केली असती. पोस्टात पडलंय ते. सात दिवस ठेवत्यात. उद्या सातवा."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. भावजींनी डायरीचं एक पान फाडलं, उकिडवं बसून गुडघ्यावर चिठ्ठी लिहिली आणि खाली फौजी सही ठोकली.

"मी न्हाई जाणार," ते म्हणाले. "पैज तुमी हरलाय. तुमीच सोडवून आणायची. आन पैसं देताना पोस्टमास्तरांशी घासाघीस करू नका, म्हंजे झालं."

"आणि सकाळी पाखरं आली तर?" ह्यांनी विचारलं.

भावजींनी माझी नळी वाकवलेल्या तारेनं बागेच्या मांडवाला टांगली आणि स्वयंपाकघरातून लोखंडी पळी आणून माझ्या हातात दिली. "ठोका. परदर्शनातली हाय, आवाज चांगला यील."

खोटं कशाला सांगू, आवाज खरंच चांगला येत होता. माझं मत अजून बदललेलं नाही, वस्तू प्रदर्शनातच घ्यावी, भावही तिथंच पाडता येतो. फक्त धडाम होताना डोळे उघडे ठेवावेत आणि दुकानदार 'हे लागतं' म्हणाला तर एकदा तरी त्याचं ऐकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आत मी पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसले होते, आणि घाईत पळी तशीच हातात राहिली होती.