हिरड्याच्या पाण्यात बुडवलेलं पत्र

बाबांनी मला आयुष्यात एकच पत्र लिहिलं. ते मी न वाचता काळ्या पाण्यात बुडवलं.

आज वर्ष झालं त्यांना जाऊन. कोणाला बोलले नव्हते, आज लिहून टाकते.

माझ्या लेकीला, चिऊला, शाळेचा प्रोजेक्ट होता. ‘शंभर वर्षांपूर्वीचं पत्र’. कोरा कागद जुना दिसला पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिचगडला बाबांकडे होतो. मी यूट्यूब बघून चहापत्ती काढली.

"चहा कायले नासवून राहिली? हिरडा हाय ना घरात. जर्मनच्या भांड्यात उकळ. लोखंडात नोको, काळं होते."

बाबा म्हणजे जन्मभर जंगलातला हिरडा वेचून विकणारा माणूस. त्यांना माहीत नसणार तर कोणाला?

पण मला त्यांचं ऐकायचंच नसायचं. मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून ते माझ्या लग्नाला आले नव्हते. पुढे येणं-जाणं सुरू झालं, नातीचे लाडही झाले. त्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द नाही. अकरा वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघत होते.

म्हणून हिरडा घेतला, पण जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, भांडं सोडून मुद्दाम लोखंडी कढईत उकळला.

इकडे चिऊ त्यांच्या मागे लागली, "आबाजी, पत्र तुम्हीच लिहा ना!"

"कोणाले लिवू?"

"कोणालाही!"

चौथी शिकलेले बाबा तासभर परछीत, ओसरीवर, बसून लिहीत होते. बॉलपेन दाबून दाबून. मग कागद माझ्या हातात दिला.

"मंदा, आधी वाच. मंग बुडव."

"नंतर वाचते," म्हटलं आणि सोडला कढईत.

पाणी काळं पडलेलं मला दिसत होतं. चहाही काळाच दिसतो की, म्हटलं.

बघता बघता कागद तव्यासारखा झाला. एक अक्षर दिसेना. चिऊ रडायला लागली.

बाबा कढईकडे बघत राहिले. "जाऊ दे. दुसरं लिवतो."

दुसऱ्या पत्रात धान, बैल, पाऊसपाणी. त्याला शाळेत ए ग्रेड मिळाला.

निघताना विचारलं, "पहिल्यात काय लिहिलं होतं?"

"काई नाई वो. असंच."

महिन्याभरात बाबा गेले.

तो काळा कागद त्यांनी वाळवून, घडी घालून ठेवला होता. मोबाईलवर फोटो काढून ब्राइटनेस वाढवला, तरी काही दिसत नाही. पण उलटा करून बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागतात. वर माझं नाव. खाली ‘लग्नाले’. त्यापुढे सगळ्या सुरकुत्या.

भाजी चिरताना, ऑफिसात, मागून आवाज येतो, "आधी वाच."

मी वळून बघते. खरंच बघते.

बाबा, पुढे काय होतं ते मला आता कधीच कळणार नाही. शिव्या असतील तरी चालतील. माफी मागितली असेल तर ती माझ्यापर्यंत पोचली असं समजा.

आणि मी वाचलं नाही, त्याची माफी मला द्या.

भरल्या डोळ्यांनी नमस्कार, बाबा.