सतरावी शिशी

बालाघाटच्या त्या कॉलेजात ज्योत्स्ना गजभिये नऊ वर्षांपासून ‘अतिथी विद्वान’, म्हणजे कंत्राटी प्राध्यापक होती. नऊ वर्षं टिकलेल्या पाहुण्याला कोणी पाहुणा म्हणतं का? पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. पक्की नोकरी हवी तर पीएच.डी. हवी, आणि पीएच.डी.ची मुदत जूनमध्ये संपत होती.

ती मॅंगनीजची काळी भुकटी करायची. रसायनं तोलून, पाण्यात कालवून, पोलादी डब्यात घट्ट बंद करून बारा तास ओव्हनमध्ये. त्यातून निघायच्या सुया, केसाहून हजारपट बारीक. त्या सुपरकपॅसिटरसाठी, तो म्हणजे बॅटरीचा उतावळा भाऊ, झटकन भरतो नि झटकन देतो. ही भुकटी तिनं अठ्ठावीस वेळा केली, दर वेळची वेगळ्या शिशीत. बाकीच्या भुकट्या हजार वेळा भरता-उतरता दमायच्या, सतरावी पाच हजारांनंतरही ताजीतवानी. पुन्हा तशी करायला गेली तर हात तोच, माप तेच, पण काही केल्या जमेना. आता उरलेली अर्धी शिशी नागपूरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची होती. तिथला नंबर तीन महिन्यांनी लागला होता, आणि प्रबंध त्यावाचून अडला होता.

जायच्या आदल्या दिवशी ती जवळच्या किरनापुरात, आपल्या घरी होती. प्रयोगशाळेत रंगारी येणार असं कळलं, तसा तिनं सत्यभामाबाईंना फोन केला. काचसामान धुण्याचं काम त्यांचं. कॉलेजात ज्योत्स्ना सगळ्यांशी हिंदीत बोले, पण सत्यभामाबाई आपल्याकडच्या, म्हणून त्यांच्याशी मराठी. म्हणाली, “वरच्या फळीवरच्या शिश्या खाली करून ठेवजा.”

खाली, म्हणजे उतरवून. पण बाईंची वीस वर्षं तिथं हिंदी ऐकण्यात गेलेली. त्या खोलीत खाली म्हणजे रिकामं. दुसरा अर्थ त्यांच्या मनालाही शिवला नाही.

सकाळी ज्योत्स्ना शिशी घ्यायला प्रयोगशाळेत आली, तर मेजावर स्वच्छ फडक्यावर अठ्ठावीस शिश्या पालथ्या घातलेल्या. तीनदा विसळलेल्या, लखलखीत. नाव ठेवायला जागा नाही असं काम. सतरावी वेगळी ठेवायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. तीही म्हणाली असती, पण कपाटाचं कुलूप बिघडून वर्ष झालेलं, अर्ज पडून होता.

“मॅडम, तुमीच तं म्हनलं ना, खाली करून ठेवजा,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

“हौ. मीच म्हनलं.”

तिला राग आला नाही. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली, तेही आलं नाही. नागपूरला फोन करून तिनं नंबर दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितलं, आणि साडेदहाला दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेतलं. पोरांच्या वह्यांवर सह्या केल्या. चहा समोर आला तो प्याली. साखर होती की नव्हती, कोण जाणे.

संध्याकाळी किरनापूरला उतरली तर माय दारातच उभी. चार घरी सांगून आलेली, आज पोरीचं काम नागपूरला पोचतं म्हणून.

“गेलं का वं तुह्यं सामान?”

“गेलं, माय,” ज्योत्स्ना म्हणाली.

मायनं समाधानानं मान हलवली आणि ताट वाढायला घेतलं.