शेवटी निघणाऱ्यानं एसी बंद करावा

आमचं ऑफिस जुईनगरला, तिसऱ्या मजल्यावर. आधीच्या साहेबांच्या काळात तिथं सूचनेचा एकही कागद नव्हता, तरी शेवटी निघणारा एसी आणि दिवे बंद करूनच निघायचा. साफसफाईच्या मावशी पाठकोरे कागद गोळा करून ठेवायच्या. कच्चं काम आम्ही त्यावर करायचो. साहेब सगळ्यांशी सारखे वागायचे. त्यांचा शब्द मोडावासा कुणाला वाटत नसे, एवढंच कारण.

नवे साहेब आले आणि बटणांपाशी हिरवे स्टिकर लागले : 'वीज वाचवा, पृथ्वी वाचवा.' त्याच महिन्यात मावशींना काढलं. ठेकेदाराची माणसं स्वस्त पडतात म्हणून. एका दुपारी, त्यांच्या हातातला चहा संपायच्या आत. आम्ही सगळे बघत होतो. कुणी बोललं नाही.

त्यानंतर एसी रात्रभर चालू राहू लागला. विसरून नव्हे, मुद्दाम. शुक्रवारी तर कुणीतरी तो सोळावर ठेवूनच जायचं. साहेबांवरचा राग असा निघत होता.

मला ते जमेना. घरातला पहिला पदवीधर मी. या कंपनीनं टेबल-खुर्ची दिली याची जाणीव आहेच. पण खरं कारण जुनं. गावच्या शाळेत शेवटचा मुलगा नळ बघून मगच बाहेर पडायचा. रिकाम्या खोलीत काही चालू दिसलं की अजून जीव खालीवर होतो. मी शेवटी उरलो की बंद करायचो.

कामोठ्याला राहणारा माझा ऑफिसातला मित्र पहिल्या दिवसापासून माझ्याच डब्यात जेवायचा. एका शुक्रवारी मी एसी बंद करताना दिसलो, तसा तो दारातून परत आत आला.

"काय रे, सायबाचं बिल वाचवतोस?"

"बिलाचं नाही रे..."

"मावशीला काढलं तेव्हा कुठं होता हा हात? मान खाली घालून एक्सेल भरत होतास."

"तूही तिथंच होतास."

"म्हणून तर चालू ठेवतो," तो म्हणाला आणि गेला.

सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी मला उभं केलं. "एसी बंद करून जातो हा. ह्याच्याकडून शिका जरा." टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी 'चमचा' म्हणालं. मित्रानं टाळ्या वाजवल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी तो दुसऱ्या टेबलावर जेवला.

संध्याकाळी सगळे गेले, एसी चालूच होता. बटणावर हात ठेवला तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, हा हात साहेबांचा आहे. तरी बंद केला. बॅग उचलली तर डबा जड लागला. बायकोनं मित्रासाठी दिलेल्या दोन भाकऱ्या तशाच होत्या.