छत्रीच्या काडीचा कणा

केळव्याच्या रंभाबाईने जन्मात एकच सिनेमा पाहिला. तो दहा मिनिटांचा होता आणि त्यात ती स्वतः कुठेही दिसत नव्हती. तरी तो पुरा करताना तिने निर्मात्याला जो त्रास दिला, तेवढा द्यायला एखाद्या नटीला नाव झाल्यावरही बरीच वर्षे लागतात.

साल १९६६. जाळे सुताचे बरे की नायलॉनचे, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे केव्हाच सोडवला होता. एका सरकारी खात्याला तो अजून सोडवायचा होता. त्याने मुंबईच्या चंद्रभान नावाच्या गृहस्थाला बाहुल्यांचा बोधपट करायला सांगितले. चंद्रभान कॅमेरामन दादूला घेऊन आला आणि पालघर स्टेशनाजवळच्या भातगिरणीमागची वखार त्याने भाड्याने घेतली. गिरणी चालू झाली की वखारीतले टेबल थरथरे आणि टेबलावरच्या बाहुल्यांना हीव भरे. म्हणून गिरणी बंद असेल तेवढाच वेळ सिनेमा चाले.

काम मोठे विलक्षण. वीतभर बाहुलीचा हात केसभर उचलायचा, बाजूला व्हायचे, दादूने एक चित्र घ्यायचे. पुन्हा केसभर. अशी चोवीस चित्रे झाली की पडद्यावर एक सेकंद होणार. दिवसभर राबून बाहुली दाराशी पोचली तर तो दिवस चांगला.

रंभाबाई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. उरलेली बोंबील-कोलंबी द्यायला ती वखारीत आली, तेव्हा चंद्रभान जमिनीवर पडलेली बाहुली दहाव्यांदा उचलत होता. मुंबईहून आणलेली ॲल्युमिनियमची तार गुडघ्यात वाकवून वाकवून तुटत होती आणि मातीची तोंडे दिव्यांच्या उष्णतेने ओघळत होती.

"पायात शिसं घाला," रंभाबाई दारातूनच म्हणाली. "जाळं पन शिशाबिगर खाली बसत नाय."

"हे जाळं नाही, बाई."

"म्हनून तर पडतंय."

दुसऱ्या दिवशी तिने पाटीत मासळीखाली जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. डोक्यांसाठी जाळ्याला बांधायचे पांगाऱ्याच्या लाकडाचे तरंगे आणले, हलके आणि सुरीने सहज कोरता येणारे. मग मनोरच्या बाजारातून मेण आले, बाहुलीच्या हातात वस्तू चिकटवायला. घोळ माशाचे भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, शिजवून तिने सरस केला. तो इतका उत्तम होता की मांजराने बोधपटातल्या अधिकारी-बाहुलीचा डावा हात एका दुपारी संपवला. तारापूरला अणुवीज केंद्राचे मोठे काम निघाल्यापासून बोईसरच्या दुकानांत हव्या त्या जाडीची तार मिळू लागली होती. तिथून मऊ लोखंडी तार आणली, ती दुहेरी पिळली, आणि बाहुल्या उभ्या राहिल्या. चंद्रभानची परदेशी लेबलांची पेटी त्यानंतर मुख्यतः बसायला उपयोगी पडली.

रंभाबाई आता रोजीवर आली. सकाळी बाजार, दुपारी वखार. बाहुली केसभर हलवायला चंद्रभानच्या बोटांपेक्षा तिची बोटे बरी निघाली. सुताचे जाळे गाठीगाठीने विणत मोठी झालेली बाई ती. बोधपटातली कोळीणही तिनेच बांधली. लुगड्याचा कासोटा तिच्या हातचा, डोक्यावरची पाटीही तिच्याच हातची. तोंड चंद्रभानने कोरले, न विचारता, रंभाबाईला समोर बसवून.

तिने ते उलटसुलट करून पाहिले. "नाक माझं नाय हे. बाकीचं चोरलंय तुमी."

शेवटचा प्रसंग मात्र चंद्रभानने शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगितला नव्हता. गोष्ट अशी: अडाणी कोळीण नायलॉनला विरोध करते, तिचे जाळे फाटते, तिला उपरती होते आणि ती अधिकाऱ्याच्या पायांवर डोके ठेवते.

"कोन ठेवते?" रंभाबाईने विचारले.

"ही बाहुली."

"तोंड कुनाचं हाय तिचं?"

चंद्रभान म्हणाला, हा बोधपट आहे, यात व्यक्ती कुणीच नसते.

"सातपाटीपासून डहाणूपर्यंत गावोगाव चादरीवर दावनार ना हा? माझी सून तिकडं दांडीला हाय. तिनं बघायचं, सासू कुना पाटलोणवाल्याच्या पाया पडते? मी नाय पडायची."

"तुम्ही नाही हो. बाहुली पडणार."

"ती पन नाय पडायची."

तो म्हणाला, बघू. त्याने कोळणीला कमरेत वाकवले आणि हात काढला. ती सरळ झाली. पुन्हा वाकवले, पुन्हा सरळ. दादूने कॅमेऱ्यामागून विचारले की चित्र नक्की कधी घ्यायचे. चंद्रभानने बाहुलीची पाठ चाचपली आणि त्याच्या लक्षात आले की आत तार नाहीच.

"काय घातलंय हिच्या पाठीत?"

"छत्रीची काडी."

"का?"

"डोक्यावर पाटी हाय तिच्या. पाटीवाली बाय वाकली तर म्हावरं रस्त्यावर. मान न् पाठ ताठच ठेवायला लागते. हे पन ठाव नाय आनि कोळनीचा शिनेमा काढता?"

ही चूक होती की व्यवस्था, याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. चंद्रभानने पाठ उसवायला ब्लेड उचलले. रंभाबाईने बाहुली उचलली, पाटीत ओल्या गोणपाटाखाली घातली, पाटी डोक्यावर चढवली आणि ती बाजाराकडे चालू लागली.

दोन दिवस वखारीत चित्रे घेतली गेली नाहीत. तिसऱ्या दिवशी खात्याचे पत्र आले: बोधपट केव्हा? मग चंद्रभान बाजारात गेला. रंभाबाई नुकतीच एसटीतून उतरून भरली पाटी डोक्यावर घेऊन येत होती.

"रंभाबाई, ती बाहुली सरकारची आहे."

"आधी पाटी उतरवा. मग बोला."

हा तिथला रिवाज. भरली पाटी एकटीने उतरत नाही. जवळ जो उभा असेल त्याने हात लावायचा, मग तो मामलेदार का असेना. चंद्रभानने पाटीचा काठ धरला. रंभाबाई पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत हळूहळू बसत गेली, आणि तिच्यासमोर चंद्रभान पाटीबरोबर कमरेतून खाली, आणखी खाली, थेट जमिनीपर्यंत वाकत गेला. चष्मा कोलंबीत पडला. शेजारी मासळी विकणारी पारू म्हणाली, "साहेब बरे शिकलेले दिसतात."

चंद्रभान तसाच वाकलेला राहिला. अधिकाऱ्याच्या बाहुलीत बोईसरची मऊ, हवी तशी वाकणारी तार होती, हे त्याला आठवले असावे. चष्मा पुसत तो म्हणाला, "काडी राहू दे. चला."

"पायावर घालनार नाय?"

"नाही. अधिकारी पाटी उतरवेल."

"मंग येते. कोलंबी घ्या, चष्मा बुडवलाय तुमी."

तो एक प्रसंग घ्यायला चार दिवस लागले. कोळीण बसते तेव्हा गुडघेच वाकतात. अधिकारी मात्र कमरेतून वाकतो, केसभर, आणखी केसभर, रंभाबाईच्याच बोटांनी. दादूचे म्हणणे असे की हे काम तिने जरा जास्तच मन लावून केले.

मुंबईत खात्याच्या साहेबांनी चित्रपट पाहिला आणि विचारले, "आपला माणूस शेवटी वाकतो का?" चंद्रभान म्हणाला, "पाटी उतरवतो आहे, सर." साहेबांनी विचार केला आणि शेऱ्यात लिहिले की अधिकाऱ्याची सेवावृत्ती उत्तम दाखवली आहे.

केळव्यात खेळ झाला तेव्हा चादरीसमोर सगळे गाव होते. दांडीची सूनही आली होती. नायलॉनच्या फायद्यांच्या वेळी लोक आपापसांत बोलत राहिले. पाटी उतरायला लागली तशा सगळ्या माना चादरीकडे वळल्या, आणि अधिकारी पुरता खाली गेल्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "अजून थोडा, साहेब."

दिवे लागले. पारूने विचारले, "ती तूच ना गो?"

"नाक चुकलंय," रंभाबाई म्हणाली. "बाकी मीच."