मेथीच्या ढिगापाशी

आज बाजारात मेथीच्या ढिगापाशी शालिनीताई आणि लता समोरासमोर आल्या. शालिनीताईंची मुलगी रेवा विहिरीत मृत सापडली होती. तिला ढकललं म्हणून लताच्या मुलीला, नीताला, रेवाच्याच अठरा वर्षांच्या मैत्रिणीला, जन्मठेप झाली. दोघींना एकच मुलगा आवडायचा. त्याला रेवा आवडली. कोर्टाने मत्सर हेच कारण मानलं. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. अपील चालू आहे.

"नीता नीट जेवते का गं तिथं?" शालिनीताईंनी विचारलं.

लताचे डोळे भरले. "ताई, तिनं केलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"रोज वेगळं वाटतं."

मी शेजारीच उभी होते. गावात आम्ही प्रत्येकाने एकेक बाजू कधीच धरली होती. शालिनीताईंना तेवढाही आधार नव्हता.

दोघी एकाच रस्त्याने घरी निघाल्या, मध्ये थोडं अंतर ठेवून.