आईच्या पाठीवरची नागीण

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली पहिली मी. आजोबा अंगठा उठवायचे, आई चौथीपर्यंत शिकलेली. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एससी. केलं आणि अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळ एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले. हे सांगताना मी कधी लाजत नाही. आईला मात्र त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. गल्लीतली निम्मी बाळं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती आणि २००४ साली, मला सातवा महिना असताना, ती विमानात बसली ती तेवढ्या एका कामासाठी. बॅगेत वेखंड, डिंकाचे लाडू, जुन्या धोतराची दुपटी. आमचा टब बघून म्हणाली, "ही तर म्हशींना पाणी पाजायची डोण."

मग तिने टबाचा नाद सोडला. बाथरूमच्या फरशीवर बुटकं प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, पाय लांब केले आणि बैठक जमते का बघायला पोटऱ्यांवर तुरीच्या डाळीची मोठी पिशवी निजवली. नवऱ्याने दारातून विचारलं, "आई, डाळीला साबण लावला का?"

"लावते. आधी जावईबापूंच्या जिभेला लावते."

आम्ही तिघंही खूप हसलो. त्या घरातलं ते शेवटचं मोठं हसणं.

दोन-तीन दिवसांनी तिच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. विमानात अवघडून बसल्याने वात धरला असेल, म्हणाली. मग एका सकाळी पदर बाजूला करून पाठ दाखवली. मणक्यापासून पुढे पोटाकडे फोडांचा लाल पट्टा. ती माझी आई होती, आणि मी मागे सरले.

"नागीण आहे," ती म्हणाली. "तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातं."

"जुळत नाही, आई. जुळूच शकत नाही. लहानपणी तुला कांजिण्या आल्या होत्या ना? फोड गेले, पण तो विषाणू गेला नाही. मणक्याजवळच्या शिरांच्या मुळाशी झोपून राहिला. वय झालं, शरीर दमलं की जागा होतो आणि एकाच शिरेने बाहेर येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला."

"इतकी वर्षं मी त्याला पोसत होते?"

"त्याला स्वतःचं असं काही नसतंच. दुसऱ्याच्या पेशीत शिरायचं आणि तिच्याकडून आपल्या नकला काढून घ्यायच्या, एवढंच येतं त्याला."

"मग बाळाला?"

तिने नेमकं विचारलं. मला कांजिण्या कधी आल्याच नव्हत्या. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या रक्ततपासणीत तसं निघालं होतं. माझ्या रक्तात प्रतिकारशक्ती नाही, म्हणजे बाळालाही माझ्याकडून मिळणार नाही. फोडांतल्या पाण्यात तो विषाणू जिवंत असतो. नागिणीची लस तेव्हा नव्हती, ती दोन वर्षांनी आली. मी फोडांना हात लावलेला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी मला काही औषध दिलं नाही, पण शेवटचा फोड सुकेपर्यंत आईपासून लांब राहा म्हणाले. पार्किंगपलीकडच्या बिल्डिंगमधल्या नागपूरच्या काकू तिला आपल्याकडे घेऊन गेल्या. जाताना तिने ते स्टूल भिंतीला लावून ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात मला कळा सुरू झाल्या. फार लवकर.

मुलगी झाली. काचेच्या पेटीत, नळ्यांमध्ये. फुप्फुसं तयार झाली नव्हती. मी रोज दूध काढून बाटल्यांची पिशवी घेऊन गाडीत बसायचे, तेव्हा काकूंच्या बाल्कनीत आई उभी असायची. हात वर करायची. मग फोन.

"नाक कसं आहे गं?"

"बसकं. ह्यांच्यासारखं."

"असू दे. न्हाताना रोज थोडं ओढलं की वर येतं. मी आहे ना."

"अजून खपल्या धरल्या नाहीत, आई."

"धरतील की. जरा तिला म्हणावं दम धर."

काकू सांगायच्या, आई आरशासमोर पाठ करून फोड मोजते. एकदा फोनवर एकदम म्हणाली, "माझ्यामुळे नाही ना? माझ्या नागिणीनं तर नाही ना?" मी म्हणाले, नाही, तो विषाणू तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही, रक्त तपासलंय. "शिकलेली आहेस," ती म्हणाली, "म्हणून आईला बरं वाटेल असं बोलतेस." मी खरंच बोलत होते. आजही तशी वेळ आली तर मी आईला लांबच ठेवीन. पण हे मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला सांगावंसं वाटत नाही.

मुलीने दम धरला नाही.

दुपारची वेळ होती. नळ्या काढून नर्सने तिला माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, अंघोळ घालायची आहे का? काही आईवडील घालतात. मी नवऱ्याला म्हणाले, आईला घेऊन या.

ती आली. फोड सुकत आले होते, एखाद-दुसरा ओला होता, तो पट्टीखाली आणि वर लुगडं. दारातच थांबली. नर्सने हातमोजे पुढे केले. आईने माझ्याकडे बघितलं.

"आता चालतं?"

"चालतं, आई. मोजे नकोत."

तिने कोपरापर्यंत हात धुतले. बुटकं स्टूल मागितलं, पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. मी मुलीला तिच्या पोटऱ्यांवर ठेवलं. त्या डाळीच्या पिशवीहून किती हलकी होती ती. आईने कागदी पेल्यातलं कोमट पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघितलं. मग मान, काखा, बोटांच्या बेचक्या, सगळं सावकाश केलं. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, गल्लीतल्या बाळांना म्हणायची तेच.

शेवटी दोन बोटांत धरून तिने ते बसकं नाक हळूच वर ओढलं. एकदा. पुन्हा एकदा.